कारभाऱ्याची उघडी वही

पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं, हें सर्वांस मान्य असतें. परंतु यंत्र जों जों मोलाचें, तों तों नवशिक्याला त्यापासून चार हात दूर ठेवण्याकडे जाणत्यांचा कल होतो. संगणकाच्या इतिहासांत या दोन वृत्तींचा झगडा ज्या एका प्रकरणांत स्पष्ट दिसतो, तें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

संगणकांतील सर्व कामांवर देखरेख करणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. मोठ्या वाड्यांतील कारभाऱ्याप्रमाणें कोणाला किती जागा द्यावयाची, कोणतें काम आधीं व कोणतें मागाहून, कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं, हें तीच ठरविते. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाच्या कार्यप्रणालीस आरंभ केला. १९५६ च्या एका न्यायालयीन करारानें मालक कंपनी एटी अँड टी हिला दूरध्वनीबाहेरच्या धंद्यास मज्जाव होता. त्यामुळें विद्यापीठांस युनिक्स अल्प मोबदल्यांत मिळे, आणि तिच्याबरोबर तिची मूळ संहिताही मिळे. संहिता हातीं असणें म्हणजे कारभाऱ्याची वहीच उघडी असणें होय.

या वहीचा खरा उपयोग ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनीं केला. सुमारें नऊ हजार ओळींची ती संहिता व तिच्यावरील भाष्य त्यांनीं १९७६-७७ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठीं तयार केलें. पुढें १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानें संहिता वर्गांत शिकविण्यास बंदी आली. वही मिटली, पण जिज्ञासा मिटली नाहीं. पूर्वीं पोथ्या उतरून घेत, तशा लायन्स यांच्या भाष्याच्या नकलांच्या नकला देशोदेशीं फिरत राहिल्या. तें उघडपणें प्रसिद्ध व्हावयास १९९६ साल उजाडलें.

ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठांतील अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं या बंदीवर वेगळाच तोडगा काढला. युनिक्सची एकही ओळ न घेतां त्यांनीं तिच्या धर्तीवर मिनिक्स नांवाची छोटी कार्यप्रणाली स्वतः लिहिली व १९८७ सालीं पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. ती घरगुती संगणकावरही चाले. तींत भर घालण्याच्या सूचना पुष्कळ आल्या, परंतु विद्यार्थ्याला एका सत्रांत आकळेल एवढीच ती असावी, या आग्रहास्तव त्यांनीं बहुतेक नाकारल्या. शिवाय बदललेली संपूर्ण प्रत दुसऱ्यांस वाटण्याची मोकळीक घेणाऱ्यास नव्हती.

हेलसिंकीचे एकवीस वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ च्या जानेवारींत नवा संगणक घेतला व त्यावर मिनिक्स बसविली. विद्यापीठाच्या संगणकाशीं दूरध्वनीवरून जोडून घेण्याची तिची सोय त्यांस पसंत पडली नाहीं. यंत्राची ओळखही होईल, म्हणून ती आज्ञावली त्यांनीं स्वतःच लिहिली. एक काम कळफलकावरील अक्षरें पलीकडे पाठवी, दुसरें आलेलीं अक्षरें पडद्यावर आणी. मग आलेला मजकूर सांठविण्याची गरज पडली. त्यासाठीं तबकडी चालविणारा भाग लिहिला, मग फायलींची व्यवस्था लिहिली. एका अडचणींतून दुसरी निघत गेली, आणि कार्यप्रणाली उभी राहिली. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यांनीं मिनिक्सच्या इतर उपयोगकर्त्यांस ही गोष्ट कळविली, तीही केवळ छंद म्हणून. सप्टेंबरांत सुमारें दहा हजार ओळींची पहिली प्रत बाहेर पडली. पुढें मोडेमऐवजीं तबकडीलाच दूरध्वनीचा क्रमांक फिरविण्याची आज्ञा त्यांच्या हातून गेली व मिनिक्सचा भाग पुसला गेला. तो पुन्हां न बसवितां त्यांनीं स्वतःच्या कृतीवरच काम चालविलें. तीच आजची लिनक्स.

१९९२ च्या जानेवारींत टॅनेनबॉम यांनीं लिनक्सची रचना कालबाह्य ठरविली. आपल्या वर्गांत अशा रचनेस चांगले गुण मिळाले नसते, असेंही सुनावलें. पण त्याच वर्षीं टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखालीं आणली. वाचा, बदला, वाटा, मात्र वाटतांना संहिता झांकूं नका, अशी ही मोकळीक होती. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं आरंभिलेल्या ग्नू चळवळीचें तें फळ होय. १९९४ च्या मार्चांत लिनक्सची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली, तेव्हां ती १,७६,२५० ओळींची झाली होती.

या वादांत गुरूचें चुकलें व शिष्याचें साधलें, असें म्हणून भागणार नाहीं. मिनिक्स लहान नसती, तर एका विद्यार्थ्याला कार्यप्रणाली आपल्या आंवाक्यांतली वाटती ना. आणि लिनक्स मोकळी नसती, तर ती जगभर पसरती ना. परंतु या यशाचें मोलही पडलें आहे. आज लिनक्सची संहिता तीन कोटी ओळींच्या वर गेली असून ती आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्याची उमेद कोणाही नवशिक्यानें धरूं नये. वही उघडी आहे, पण तिचीं पानें मोजवत नाहींत.

म्हणून आतां पुन्हां हातानें शिकण्याच्या वाटा शोधाव्या लागतात. संहितेपासून एकेक भाग स्वतः बांधून संपूर्ण लिनक्स उभी करण्याचा 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हा पाठ १९९९ पासून चालत आला आहे. मुंबईच्या आयआयटीनें 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत लिनक्सचे लहान लहान पाठ मराठींतूनही दिले आहेत. पाठ ऐकतां ऐकतां तीच कृति शेजारीं करून पाहावी, अशी त्यांची योजना आहे. या सर्वांचें तात्पर्य एकच निघतें. विद्या हातांत भिनावी, तर शिकावयाची वस्तु शिकणाऱ्याच्या कवेंत मावली पाहिजे, आणि ती बिघडविण्याची व पुन्हां सुधारण्याची मुभाही त्यास असली पाहिजे. पहिली गोष्ट टॅनेनबॉम यांनीं दिली, दुसरी टोरवाल्ड्स यांनीं. दोन्ही एकत्र देणारा गुरु नवशिक्यास क्वचितच लाभतो.