विरळ की दुर्मीळ?

एप्रिल २०२५मध्ये चीनने सात धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि आपल्या वर्तमानपत्रांत ‘दुर्मीळ मृदा’ हा जोडशब्द एकदम रुळला. विजेच्या मोटारीतलं चुंबक असो की पवनचक्की, बातमीत तो यायचाच. मराठी विश्वकोशात मात्र याच मंडळींना ‘विरल मृत्तिका’ म्हटलंय. ‘रेअर अर्थ’ या एकाच इंग्रजी शब्दजोडीची ही दोन मराठी नावं. दोन्ही चालतील असं म्हणून सोडून देता येईल. पण नाशिककराने तरी तसं सोडू नये, कारण यातला एक शब्द इथे दरवर्षी कामाला येतो.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या घडात मणी दाटीने धरले की कात्री घेऊन त्यातले काही काढून टाकतात. उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. या कामाला म्हणतात विरळणी. विरळणी झालेल्या घडात मणी दुर्मीळ होत नाहीत, त्यांच्यात फट पडते. संस्कृत ‘विरल’चा अर्थ हाच, मध्ये मध्ये मोकळं असलेलं. पेरणी विरळ होते, केस विरळ होतात, डोंगरमाथ्यावर हवा विरळ होते. मग जे अंतराअंतराने आढळतं ते क्वचित आढळतं, असं करत करत अर्थ सरकला आणि ‘असा माणूस विरळाच’ इथवर आला.

गंमत अशी की लॅटिनमधला ‘रारुस’ हा शब्दही नेमक्या याच वाटेने गेला. त्याचा मूळ अर्थ पातळ, सैल, दूर दूर पेरलेलं. पुढे झाला क्वचित मिळणारं. इंग्रजीतला ‘रेअर’ त्याचाच वंशज. म्हणजे ‘दुर्मीळ’ लिहिणाऱ्याने इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ घेतला आणि ‘विरल’ लिहिणारा कळत-नकळत थेट लॅटिनच्या मुळाशी जाऊन पोचला. विज्ञानही त्याच्याच बाजूचं आहे. या सतरा मूलद्रव्यांपैकी सीरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. त्याला दुर्मीळ कसं म्हणायचं? फरक एवढाच, की तांबं ठिकठिकाणी शिरांमध्ये गोळा होतं आणि ही मंडळी बहुतेक खडकांत थोडी थोडी पसरून राहतात.

आता ‘मृदा’. हा शब्द मला मुळीच पटत नाही. स्टॉकहोमजवळ इटरबी नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ बाहेरचं गाव, आपल्याकडे पैलवाडी म्हटलं असतं. तिथल्या खाणीत १७८७ साली आऱ्हेनिउस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला एक काळा, जड दगड सापडला. योहान गॅडोलिनने १७९४मध्ये त्यातून एक नवी ‘अर्थ’ निघाल्याचं सांगितलं. पण त्या काळच्या रसायनज्ञांच्या बोलीत ‘अर्थ’ म्हणजे शेतातली माती नव्हे. जे पाण्यात विरघळत नाही, भट्टीत वितळत नाही, कोळशाबरोबर तापवूनही ज्यातून धातू सुटत नाही, अशी पूड म्हणजे ‘अर्थ’. आज आपण तिला ऑक्साइड म्हणतो. आपल्या वैद्यांकडे धातूच्या अशा पुडीला जवळचा शब्द तयार होता, भस्म. ‘विरळ भस्म’ कानाला जरा अघोरी लागतं, हे मान्य. पण ‘मृदा’ म्हटलं की शाळेत भूगोल शिकलेल्या कुणालाही काळी, तांबडी, गाळाची असा तक्ताच आठवतो आणि ही मूलद्रव्यं कुदळ मारून काढत असावेत असं वाटू लागतं.

काढणं किती कठीण, याची तक्रार तर त्यांच्या नावांतच आहे. लँथेनमचं नाव ‘लपून राहणे’ या ग्रीक क्रियापदावरून आलं. ‘डिडिमियम’ म्हणजे जुळं. ते १८८५मध्ये आउअर फोन वेल्सबाखने फोडलं तेव्हा खरोखरच दोन निघाले, हिरवा जुळा आणि नवा जुळा, प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम. चुंबकांसाठी आज जग ज्याच्या मागे आहे तो हा नवा जुळा. १८८६मधलं डिस्प्रोसियम हे नाव तर ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थच हाती लागायला कठीण. दुर् अधिक मिळ! तेव्हा ‘दुर्मीळ’ला अगदीच हद्दपार करता येत नाही. रसायनशाळेत ही मूलद्रव्यं दुर्मीळ आहेत, खडकात विरळ.

आणि नाशिकच्या खडकात तर फारच विरळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर इथे एकावर एक बसलेत. डोंगरांच्या त्या टप्प्याटप्प्यांमुळे नकाशावर ‘दक्खन ट्रॅप’ लिहितात. हा ट्रॅप सापळा नव्हे, स्वीडिश ‘त्रापा’, म्हणजे जिना. खडकाचं नाव बसाल्ट. तेही ज्या जुन्या शब्दाचा अपभ्रंश मानतात त्याचा अर्थ सोनं घासून पाहायचा दगड, सराफ बाजारातली कसोटी. या काळ्या पाषाणात लँथेनम-सीरियम टनामागे ग्रॅमांत मोजावं लागतं. त्यावर खाण चालायची नाही. पण भूवैज्ञानिकांनी या किरकोळ मात्रांचाच उपयोग करून घेतला. दिसायला सारखे असलेले लाव्ह्याचे थर त्यांच्यातल्या अशा मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून वेगळे ओळखता येतात. १९८०च्या दशकात सह्याद्रीच्या थरांची जी मांडणी झाली तिच्या कळसूबाई उपगटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी नावं आहेत. इगतपुरी हे आगगाडीचं स्टेशन जगभरच्या शोधनिबंधांत पोचलं ते असं.

ही मूलद्रव्यं गोळा कुठे होतात, याचं उत्तर त्यांच्या आकारात आहे. त्यांचे आयन मोठे. बसाल्टमधल्या नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत ते सहसा मावत नाहीत. त्यामुळे शिलारस थिजत जातो तसे ते उरलेल्या रसात साचतात. शिवाय प्रावरणाचा अगदी थोडा अंश वितळला, तर त्या थोडक्या रसात ते सुरुवातीलाच एकवटून येतात. कार्बोनेटाइट नावाचा चुनखडीसारखा अग्निज खडक अशा रसातून होतो. कॅनरी बेटांतल्या फुएर्तेव्हेंचुरावर तो आहे आणि आपल्या दक्खनच्याच लाव्ह्याच्या कुटुंबातला एक नर्मदेच्या खोऱ्यात, छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. जागेचं नाव आंबा डोंगर, भाषांतराची गरज नाही. सुखेश्वाला आणि उदास या दोघांनी १९६३मध्ये तिथला कार्बोनेटाइट प्रसिद्ध केला. विरळ मूलद्रव्यांच्या शोधात ही जागा पुन्हा पुन्हा येते.

  

‘मृदा’ शब्दशः खरी ठरते ती दक्षिण चीनमध्ये. तिथे ग्रॅनाइट कुजून झालेल्या चिकणमातीच्या कणांना ही मूलद्रव्यं नुसती चिकटून असतात आणि क्षारांच्या पाण्याने धुऊन काढता येतात. डिस्प्रोसियमसारख्या जड धातूंचा जगातला मोठा पुरवठा वर्षानुवर्षं त्या मातीतूनच झाला आहे.