एका वेळी एकच सूर

१९८१ चा उन्हाळा. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला, सदर्क भागात, तुम्ही एका जुन्या चर्चसमोर उभे आहात. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत त्याची बरीच पडझड झाली. उरलेल्या वास्तूत आता ब्लॅकविंग स्टुडिओ आहे. या, आत या.

बॅसिल्डनची चार पोरं, सगळी विशीच्या आसपासची, डेपेश मोड या नावाने आपला पहिला अल्बम करताहेत. ‘स्पीक अँड स्पेल’. ड्रमर नाहीच, सगळे सिंथेसायझर. मार्टिन गोरकडे यामाहा सीएस-५, अँडी फ्लेचरकडे मूग प्रॉडिजी, विन्स क्लार्ककडे कावाईचा छोटा सिंथ. आटोपशीर यंत्रं, हीच उचलून पोरं आगगाडीने कार्यक्रमांना जातात. यांतलं कुठलंही एका वेळी एकच सूर वाजवतं. दोन पट्ट्या एकदम दाबून पाहा, वाजेल एकच. कॉर्ड हवी असेल तर ती तिघांनी वाटून घ्यायची! म्हणून इथे कुणीच नुसती साथ करत नाही. प्रत्येकाला स्वतःची धून लागते, आणि ती दुसऱ्याच्या धुनेत नेमकी बसावी लागते. या गाण्यांची सारी मोहिनी मला त्या गुंफणीत दिसते.

आता निर्माता डॅनियल मिलरच्या जवळ सरका. त्याचा एआरपी २६०० हा सिंथ वायरींनी भरून गेलाय. शेजारच्या सिक्वेन्सरवर सोळा सरकपट्ट्या आहेत, दर पट्टीला एक सूर. मिलर त्यातली एक बोटाने जरा वर ढकलतो; पुढच्या फेरीत तेवढाच सूर चढलेला ऐकू येतो, बाकीचे जागच्या जागी. ड्रमचे ठोकेसुद्धा याच एआरपीतून घडवलेले. यंत्रांना एकमेकांशी बोलतं करणारी मिडी ही पद्धत यायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर ती जुळवायची विजेच्या स्पंदांनी आणि कानाने.

मिलरची म्यूट ही छोटी स्वतंत्र कंपनी. कागदावर करार नाही, नफा निम्मा-निम्मा, सगळा शब्दावरचा व्यवहार.

५ ऑक्टोबरला अल्बम निघेल आणि ब्रिटनच्या यादीत १० व्या क्रमांकापर्यंत जाईल. डेपेश मोडच्या पुढच्या काळोख्या अल्बमांशी तुलना करून याला पोरकट म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. ‘फोटोग्राफिक’ लावा, तो काळोख इथेच सुरू झालेला आहे. यातली बहुतेक गाणी क्लार्कची, गोरची फक्त दोन. वर्ष सरेपर्यंत क्लार्क निघून जाईल आणि गाणी लिहायची जबाबदारी या गोरवर पडेल.

तसेच पुढे २०१३ मध्ये या. ग्लासगोच्या चर्चेस या तिघांच्या बँडचा पहिला अल्बम येतोय, ‘द बोन्स ऑफ व्हॉट यू बिलीव्ह’. त्याच वर्षी डेपेश मोडच्या दौऱ्यातल्या काही मैफलींत आधी हेच वाजवतात. एव्हाना एका संगणकातून हवे तेवढे सूर एकदम काढता येतात. तरी त्यांची गायिका लॉरेन मेबेरीच्या आवाजाखाली कान लावा: सुटे सूर एकामागून एक धावताहेत.