भुईखालचा महाल

साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाळकरी वयात मी तेथे प्रथम गेलो तो केवळ पाण्याच्या ओढीने. दुसऱ्यांदा गेलो तो मॉस्को पाहून आल्यावर, आणि एका साम्यवादी मित्राशी वाद घालून.

मॉस्कोच्या भुयारी रेल्वेचे मायाकोव्हस्काया स्थानक १९३८ साली खुले झाले. अलेक्सेइ दुश्किन हा त्याचा वास्तुकार. जमिनीखाली ३३ मीटर उतरावे, तो पुढे चकचकीत पोलादाच्या कमानी! छताच्या लंबगोल कोनाड्यांत दैनेका या चित्रकाराने रंगीत काचतुकड्यांनी सोव्हिएट आकाशाचे चोवीस तास जडविले आहेत. विमाने आहेत, हवाई छत्रीने उतरणारे जवान आहेत. १९४१ च्या नोव्हेंबरात शत्रू वेशीशी आलेला असता क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा याच फलाटावर भरली होती.

मित्र म्हणाला, “त्यांनी महाल बांधले ते कामगारांसाठी. तुमचे राजेलोकांसाठी!”

उत्तर न सुचल्यामुळे मी लिंबला गेलो, हे कबूल करतो.

शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधविली. तसा शिलालेखच तेथे आहे. अष्टकोनी मुख्य विहीर सुमारे ११० फूट खोल व ५० फूट रुंद आहे. पायऱ्या उतरून गेले की दगडी महाल लागतो. त्याच्या खांबांवर देवदेवता, हत्ती, घोडेस्वार कोरलेले, आणि विहिरीच्या भिंतीत शरभ. महाल राजघराण्याच्या विसाव्याचा, हे मित्राचे म्हणणे खरेच. पण त्याच्या माथ्यावरून बैल धावेने उतरत, नाडा ताणला जाई, मोट थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने आमराईकडे पळे. विसावा आणि राबणे एकाच दगडावर! उलट मॉस्कोत संगमरवरी फलाटावरून घरी जाणारी कित्येक कुटुंबे एकेका खोलीत दाटीने राहत होती, हे मित्र विसरला होता.

मला मात्र अण्णाभाऊ साठे आठवले. सांगली जिल्ह्यातले वाटेगाव हे त्यांचे गाव. त्यांच्या जन्माच्या वेळी, १९२० साली, ते सातारा जिल्ह्यातच होते. लहानपणी आईबापांबरोबर पायी मुंबई गाठणारा हा माणूस १९६१ साली रशियाला जाऊन आला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहून गेला. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. असो.

शिलालेखावर वीरूबाईंचे नाव आहे. सुरुंगाला हात घालणाऱ्या वडाराचे नाही. दुश्किन आणि दैनेका पुस्तकांत आहेत. बोगद्यातला खणकरी तेथेही सापडत नाही. मित्राला मी एवढेच लिहून कळविले. त्याचे उत्तर आले नाही.

महालात उभे राहून मी वर पाहिले. दैनेकाला काचेचे तुकडे जोडावे लागले होते; येथे आठ बाजूंचे आकाश आयतेच होते, आणि त्यात एक घार फिरत होती.