सव्वाबारा इंचांची फूटपट्टी

आमच्या घरात एक पोलादी फूटपट्टी होती. तिच्यावर इंच बाराच कोरलेले, पण दुसरी कुठलीही पट्टी शेजारी धरली की ही पाव इंच पुढे जायची. सातवीत मी तिने त्रिकोण काढले आणि वहीभर लाल रेघा मिळवल्या. आजीने तिने खिडकी मोजली, तर पडदे चांगले इंचभर आखूड झाले. "तुमचा कारखाना घरात आणू नका," असं ती आजोबांना म्हणाली ते पुढे वर्षभर म्हणतच राहिली. (पट्टी आजोबांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली होती, हेही तेवढ्याच वेळा सांगितलं गेलं.)

ती पॅटर्न शॉपमधली पट्टी. पोलाद ओततात ते सोळाशे अंशांच्या आसपास, आणि निवताना ते फुटामागे साधारण पाव इंच आकसतं. म्हणून ज्यावरून साचा घ्यायचा तो लाकडी नमुना आधीच तेवढा मोठा ठेवायचा. सुताराने दर मापाला हिशेब करत बसू नये, म्हणून पट्टीच लांब.

आजोबा 1956 मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून बढतीवर मुरादनगरला आले, चार्जमन म्हणून. गाझियाबादहून मेरठच्या रस्त्याला गंगनहर ओलांडायच्या सुमाराला हे गाव लागतं. तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली उभी राहिली. मुख्य काम पोलादाच्या ओतीव वस्तूंचं. विमानातून टाकायच्या बाँबची कवचं इथे व्हायची आणि भरायला दुसऱ्या कारखान्यात जायची. "आमचा बाँब रिकामा," आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "जावयाच्या आहेरासारखा. भरणारे वेगळे." आजी तिथून उठून जायची.

घरातलं हवामान ठरायचं ते हीटवर. भट्टीतून एकदा धातू काढला की एक हीट. "आज किती?" हा आजीचा संध्याकाळचा पहिला प्रश्न. हीट जास्त म्हणजे ओव्हरटाइम, ओव्हरटाइम म्हणजे दिवाळीला नवी साडी. आजोबा आले तेव्हा मात्र हीट कमीच होत्या. महायुद्धाच्या मापाने उभारलेले कारखाने, आणि आता लढाई नाही. लष्कराची मागणी येईल तेवढंच काम. मग काय करायचं? वाळू चाळायची, नमुने झटकायचे, त्यांना पुन्हा रंग द्यायचा. उत्तरेतल्या लू आणि पावसाळ्यात लाकूड वाकतं, तेव्हा तेही काम खोटं नव्हतं.

1957 मध्ये कृष्ण मेनन संरक्षणमंत्री झाले. कारखान्यांची रिकामी ताकद नागरी वस्तूंकडे वळवावी, हे त्यांचं धोरण. विरोधकांनी कॉफी परकोलेटरवरून त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. आजोबांना त्यात मजा वाटायची. "पोलादाच्या भट्टीतून परकोलेटर काढला असता तर तो उचलायला क्रेन लागली असती." पण त्याच काळात त्यांच्या जुन्या जबलपूरच्या कारखान्यात जर्मन मॅन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले, आणि त्यावर सैन्याने कित्येक वर्षं काढली. मला वाटतं, मेननना परकोलेटरसाठी शिव्या देणं सोपं होतं. खरा प्रश्न मागण्या कुठे अडकल्या होत्या हा होता.

मग ऑक्टोबर 1962 आला आणि चीनशी लढाई सुरू झाली. त्या महिन्यांविषयी आजोबा फारसं बोलत नसत. आजी बोलायची. ती दोन-दोन दिवस डबा गेटवर पाठवायची, आणि ते घरी आले की सदऱ्याला जळक्या वाळूचा वास यायचा. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा कारखान्याच्या इस्टेटीतल्या चार मराठी घरांत मिळून शिरा झाला. पुढे महाराष्ट्रात वरणगाव, भंडारा, अंबाझरी असे नवे कारखाने निघाले. लढाई नसताना त्यांतल्याही ताकदीचं काय करायचं, हा जुना प्रश्न मग मराठीत विचारला जाऊ लागला.

एका विश्वकर्मा पूजेला, 17 सप्टेंबरला, मी आजोबांबरोबर आत गेले होते. फुलांच्या माळा घातलेली थंड भट्टी मला देवळासारखी वाटली. आजोबांनी मात्र आतल्या विटांवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. भट्टी वारंवार थंड-गरम केली की अस्तर तडकतं. "भट्टीला ग्रीस लावून ठेवता येत नाही," ते म्हणाले. "मोल्डरलाही नाही. वाळूची मूठ दाबून ओल कळणारा माणूस दोन वर्षं बसून राहिला, की त्याच्या मुठीला काही कळत नाही." तरी कारखाना छोटा करा म्हणणाऱ्यांशी ते भांडायचे. लढाई म्हणजे तापलेलं पोलाद. निवल्यावरच्या मापाने साचा करणारा सुतार त्यांनी एक दिवसही ठेवला नसता.

आजोबांनी 2022 नंतरचा युरोप पाहायला हवा होता. मार्च 2023 मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचं कबूल केलं, आणि मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. पैसा होता. भट्ट्या आणि माणसं आधीच आकसलेली होती.

आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2021 ला एकेचाळीस ऑर्डनन्स कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि त्या महिन्यातल्या दसऱ्याला त्या देशाला अर्पण केल्या गेल्या. मुरादनगर त्यांतल्या यंत्र इंडियात गेलं, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. आजोबा नागपूरचे. बदलीचे अर्ज करून थकलेल्या माणसाचा कारखानाच शेवटी गावाला गेला म्हणायचा.

मी आता गाझियाबादेत वसुंधऱ्याला राहते. खंडेनवमीला पाटावर विळी, मुलीचा लॅपटॉप आणि ती पट्टी मांडते. यंदा मुलीने आपली प्लॅस्टिकची पट्टी तिच्या शेजारी ठेवली, दोन्ही नीट जुळवून पाहिल्या आणि म्हणाली, "आई, दुकानदाराने फसवलं. माझी आखूड आहे."