पगारातून कापलेले दोनशे रुपये



चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यात कायम नोकरी करणारा कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याची पगाराची पावती एकदा बघा. दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, असा व्यवसाय कर कापलेला दिसेल. ही एवढीशी रक्कम, पण तिच्यामागे आपल्या आया-आज्यांची गोष्ट आहे.

1972 चा दुष्काळ आठवतो ना? विहिरी आटल्या, जनावरं विकली. बाया खडी फोडायला गेल्या, पाझर तलावांवर माती वाहिली. मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती. दुष्काळातल्या त्या कामांचा मोठा आधार झाला. पण दुष्काळ सरल्यावर कायमचा पैसा आणायचा कुठून?

त्यासाठी 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. तोवर पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहून वीस वर्षं झाली होती. टेल्को आणि बजाजचे कारखानेही आले होते. या पट्ट्यातल्या आणि मुंबईतल्या पगारदारांकडून थोडं थोडं घ्यायचं, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि खेड्यात काम द्यायचं, असं ठरलं. 1977 साली हमीचा कायदा मंजूर झाला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. बाईला आणि पुरुषाला कामाचा दर एकच. मजुरी उशिरा मिळते, हजेरीपट खोटे असतात, अशा तक्रारीही झाल्या. तरी पुढे 2005 साली देशाचा रोजगार कायदा झाला, तो याच वाटेनं.

आता 2025 कडे येऊ. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्यांना वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या कमाईवर कर माफ झाला. आधी ही मर्यादा 7 लाख होती. यात सरकारनं सुमारे एक लाख कोटी रुपयांवर पाणी सोडलं. बाजूनं बोलणारे म्हणाले, कष्टानं वर येणाऱ्याला बक्षीस मिळालं. हातात पैसा राहिला तर तो घर घेईल, मुलं शिकवेल. यात तथ्य आहे. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कायम कामगाराला नक्कीच हलकं वाटलं असेल.

पण त्याच कारखान्यात कंत्राटावर उभी राहणारी पोरगी? तिची कमाई 7 लाखांच्या आतच. तिला आयकर आधीही नव्हता, म्हणून सूटही नाही. साबण घेताना, मोबाइल घेताना जीएसटी मात्र तीही भरते. वर येण्याची जिद्द तिला नाही, असं कोण म्हणेल?

आणखी एक. पिंपरी-चिंचवडला पाणी पवना धरणातून येतं. एमआयडीसी सरकारनं 1962 साली उभारली, शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन. जिद्द ज्याची त्याची असते, पण तिच्या पायाखालचा रस्ता सगळ्यांच्या पैशातून होतो.

म्हणून कर कमी झाल्याची बातमी ऐकली की दोन प्रश्न विचारावेत: सूट कुणाला मिळाली? आणि त्या पैशातून होणारं कोणतं काम आता थांबणार? 1975 साली महिन्याच्या पगारातल्या थोड्याशा रुपयांनी गावातली चूल पेटती ठेवली होती. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. तुमच्यातल्या कुणी दुष्काळात खडी फोडली असेल, तर आधी तिला बोलू द्या.