पेला आणि शिळा

आपल्या धर्मग्रामांतून फातिमाच्या यात्रेस जाणारे भाविक बहुधा लिस्बनला उतरतात आणि परतीच्या वाटेवर तेथे एखादा दिवस घालवितात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जागतिक युवा दिन याच नगरीत साजरा झाला, तेव्हा जगभरच्या तरुणांनी तिचे चढउतार पायाखाली घातले. अशा पाहुण्यांसाठी तेथे एक नवा व्यवसाय चांगलाच रुजला आहे. दहा-बारा जणांचा गट, सोबत स्थानिक वाटाड्या, तीन-चार तासांची पायपीट आणि वाटेत ठिकठिकाणी थांबून घेतलेला एकेक घास, एकेक घोट, असे त्याचे स्वरूप. या खाद्यफेऱ्यांकडे केवळ चैन म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. ज्या गल्ल्यांतून ही मंडळी चालतात, त्यांत पोर्तुगालच्या ख्रिस्तसभेचा पाच-सहा शतकांचा इतिहास पसरला आहे. प्रश्न इतकाच की, तो सर्व सांगितला जातो का, आणि सांगितला गेला तर आपण तो ऐकतो का.

प्रारंभ मासळीने करू. खारवून, वाळवून फळीसारखा कडक केलेला कॉड मासा, ज्याला पोर्तुगीज 'बाकल्याव' म्हणतात, तो त्या देशाचे जणू राष्ट्रीय अन्न होऊन बसला आहे. नवल असे की, हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. सोळाव्या शतकात तेथील कोळी त्यासाठी अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत जात. आज तो मुख्यतः नॉर्वेकडून येतो. एवढ्या दुरून मासा आणण्याची गरज का भासली? शुक्रवार, प्रायश्चित्तकाळ आणि इतर व्रताचे दिवस मिळून वर्षाचा बराच मोठा भाग मांसवर्ज्य असे. डोंगराळ गावांत ताजी मासळी पोहोचणे अशक्य होते. खारवलेली मात्र महिनोन् महिने टिके. आगोटीला सुक्या बोंबलांची बेगमी करणाऱ्या आपल्या आयाबायांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ख्रिस्तसभेच्या व्रतांनी एका राष्ट्राचे ताट घडविले, ते असे.

पुढचा थांबा बहुधा मिठाईच्या दुकानाचा. अंड्याच्या पिवळ्या बलकाची, वरून करपट डाग पडलेली ती छोटी वाटीसारखी पेस्ट्री आता जगभर पोहोचली आहे. तिचे मूळ नगराच्या पश्चिमेस बेलें येथील जेरोनिमो मठात सांगतात. मठ-कॉन्व्हेंटांत अंड्यांचा पांढरा बलक झग्यांना खळ देण्यासाठी आणि द्राक्षमद्य निवळण्यासाठी वापरीत. उरलेल्या पिवळ्या बलकात साखर घालून व्रतस्थांनी नाना पक्वान्ने निर्माण केली, अशी परंपरा आहे. पुढे १८३४ साली उदारमतवादी सरकारने पुरुषांचे सर्व मठ एका फटक्यात बंद केले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटांना नव्या उमेदवार घेण्यास बंदी झाली. शेवटची भगिनी निवर्तली की दाराला कुलूप. उपजीविकेसाठी अनेक ठिकाणी मिठाई विकण्याची वेळ आली. बेलेंच्या मठाजवळच साखरेचा एक कारखाना होता. १८३७ पासून तेथे ही पेस्ट्री विकली जाऊ लागली आणि तिची कृती आजतागायत गुप्त ठेवण्यात आली आहे. म्हणजे आज प्रवासी मिटक्या मारीत जे खातात, ती एका उद्ध्वस्त व्रतस्थ जीवनाची निशाणी आहे. ख्रिस्तसभेवर झालेला अन्याय म्हणून ही कथा आपल्याला सांगायला आवडते, आणि ती सांगितलीही पाहिजे. परंतु त्या बलकातील साखर कोठून आली, हेही सांगणे ओघाने आलेच. ती आली मादेइरा बेटावरून, आणि नंतर ब्राझीलमधून. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामातून.

आता आपण नगराच्या मध्यभागी, रोसियो या भव्य चौकाला लागून असलेल्या सांतो दोमिंगोच्या छोट्या चौकात येऊ. खाद्यफेऱ्यांचा हा अगदी ठरलेला थांबा. येथे एक जेमतेम खोलीएवढे दुकान आहे. त्यात 'जिंजिन्या' नावाचे पेय मिळते. जिंजा ही आंबट चेरी. ती मद्यार्कात साखर आणि दालचिनीसह मुरवितात आणि इवल्याशा पेल्यात ओतून देतात. फळासकट हवे की फळाविना, एवढाच काय तो प्रश्न विचारला जातो. एका गालिसियन गृहस्थाने १८४० साली हे दुकान काढले. फळे मद्यात मुरविण्याची युक्ती त्याला संत अंतोनीच्या मंदिरातील एका मठवासीयाने सुचविली, अशी आख्यायिका आहे. मंडळी पेला हाती घेऊन चौकातच उभ्याने पितात, हसतात, छायाचित्रे काढतात.

त्या चौकाच्या एका बाजूस डॉमिनिकन संघाचे जुने मंदिर आहे. १७५५ च्या भूकंपात ते कोसळले, पुन्हा उभे राहिले. १९५९ साली त्यास भीषण आग लागली. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा तडकलेले, काळवंडलेले दगड मुद्दाम तसेच ठेवण्यात आले. या मंदिराला त्याहूनही जुनी एक जखम आहे, आणि ती आगीने झालेली नाही.

१४९६ च्या अखेरीस राजा मानुएल याने यहुदी आणि मुसलमान यांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला; पण १४९७ मध्ये हजारो यहुदींना जाऊ न देता बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला. हे 'नव-ख्रिस्ती'. १५०६ च्या वसंतात लिस्बनमध्ये दुष्काळ आणि प्लेग होता. लोक याच मंदिरात प्रार्थनेस गर्दी करीत. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, १९ एप्रिल रोजी, क्रूसावर दिव्य प्रकाश दिसल्याची आवई उठली. एक नव-ख्रिस्ती म्हणाला की, तो मेणबत्तीचा उजेड असावा. एवढ्या वाक्यासाठी त्याला बाहेर ओढून ठार मारण्यात आले. दोन डॉमिनिकन व्रतस्थ क्रूस हाती घेऊन जमावाला चेतवीत फिरले. बंदरातील परदेशी खलाशीही लुटीच्या आशेने सामील झाले. तीन दिवस कत्तल चालली. पुरुष, स्त्रिया, तान्ही बाळे. रोसियोत चिता पेटल्या. सुमारे २००० माणसे मारली गेली. काही नोंदी याहून मोठा आकडा देतात. नगराबाहेर असलेल्या राजाने नंतर कठोर शिक्षा केल्या, त्या दोघा व्रतस्थांनाही देहदंड झाला. परंतु मेलेले परत आले नाहीत. पुढे १५३६ मध्ये पोर्तुगालात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. त्याचा राजवाडा रोसियोच्या काठी होता. आज त्या जागी राष्ट्रीय नाट्यगृह आहे.

खाद्यफेरीत पुढे एक सॉसेज चाखायला देतात, 'आल्येइरा'. पाव, लसूण आणि कोंबडीचे मांस यांचे ते असे. त्याची कथा अशी सांगतात : डुकराचे मांस न खाणारे नव-ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येत, म्हणून त्यांनी हे सॉसेज तयार करून चुलीवर टांगले, की पाहणाऱ्याला ते इतरांसारखेच वाटावे. इतिहास म्हणून ही कथा कसोटीला कितपत उतरेल, ही शंका रास्त आहे. पण ती लोकांच्या ओठी राहिली, याला अर्थ आहे. शेजाऱ्याच्या धुराड्यात काय लटकते यावरून त्याची श्रद्धा जोखणारा समाज खरोखर होता. इन्क्विझिशनच्या चौकश्यांत कोण काय खातो आणि काय टाळतो, हे खरोखर विचारले जात असे.

हा इतिहास दूरदेशीचा आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपण ज्याला 'पाव' म्हणतो तो शब्द पोर्तुगीज आहे, 'बटाटा'ही तसाच. आणि लिस्बनच्या मोरारिया वस्तीत मिळणारा 'शमूसा' हा आपलाच समोसा. घास जसे या मार्गाने आले-गेले, तशी माणसेही. गार्सिया द ओर्ता हा वैद्य अशाच नव-ख्रिस्ती कुळातला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले. तो १५३४ साली लिस्बनहून गोव्यास निघाला. वसई पोर्तुगिजांकडे आली तेही त्याच वर्षी. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. मिरी, आले, लवंग, आंबा, फणस अशा आपल्या रोजच्या जिनसांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आपल्या भूमीची चव युरोपला एवढ्या आस्थेने समजावून सांगणारा दुसरा लेखक त्या काळात क्वचितच सापडेल. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली.

वाचकहो, हे लिहिताना आम्हांस सुख होत नाही. परंतु लपविल्याने ख्रिस्तसभेचा मान वाढतो, असे आम्ही मानीत नाही. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या ऐतिहासिक पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्याच वर्षी सप्टेंबरात लिस्बनचे पात्रिआर्क जोसे पोलिकार्पो यांनी सांतो दोमिंगोच्या चौकाची आठवण जागवून यहुदी लोकांविषयी पश्चात्ताप व्यक्त केला. २००८ पासून तेथे १५०६ च्या बळींची स्मारकशिळा आहे, तिच्यावर दाविदाचा तारा कोरलेला आहे; पात्रिआर्कांचे शब्दही तेथे दगडात कोरून ठेवले आहेत. जिंजिन्याच्या दुकानापासून ही शिळा काही पावलांवर आहे. आणि त्याच चौकात आज गिनी-बिसाऊ व इतर आफ्रिकी देशांतून आलेले लोक रोज गप्पांना जमतात. याच मंदिरात एके काळी कृष्णवर्णीयांचा, त्यांत गुलामही आले, जपमाळेच्या मातेच्या नावाचा भ्रातृसंघ होता. साखरेची कथा अशी त्या चौकात आपल्या पायांनी चालत आलेली आहे.

चौकातले काही वाटाडे आपल्या गटाला त्या शिळेपाशी नेतात. काही नेत नाहीत, कारण मेजवानीचा रंग उतरतो. व्यापाराला विसरणे परवडते. आपल्याला परवडत नाही. आपल्या प्रभूने आपले स्मरण पोथीत नव्हे, भोजनाच्या मेजावर ठेवले. भाकर आणि पेला यांच्यात ठेवले. जे लोक दर रविवारी त्या मेजाशी येतात, त्यांना अन्न आणि स्मरण यांची फारकत करता येत नाही. आणि तो प्रभू स्वतः यहुदी होता, त्याची माता यहुदी होती, हे तर त्या १९ एप्रिलच्या जमावातील एकालाही आठवले नाही.

तेव्हा फातिमाच्या वाटेवर लिस्बनला गेलात तर अवश्य ती फेरी करा. मासळी चाखा, मिठाई खा. जिंजिन्याचा पेला घेण्यातही आम्हांस काही गैर दिसत नाही. मात्र त्याआधी ती चार पावले चालून शिळेपाशी जा, मुलांना सोबत घ्या आणि तेथे काय घडले ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. वाटाड्याने सांगितले नाही तरी तुम्ही सांगा.