यंत्र उघडून दाखवणारे शिक्षक : कोलकात्याच्या वर्गातील दीडशे वर्षे

पाठाचे टाचण, प्रश्नपत्रिका, उत्तरांची तपासणी अशी कामे करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता देशभरातील शिक्षकांपर्यंत पोहोचत आहेत. त्यांविषयीची चर्चा बहुधा शिक्षकाचा वेळ किती वाचेल, एवढ्यावरच थांबते. कोलकात्यातील विज्ञानशिक्षणाचा इतिहास मात्र त्याआधीचा प्रश्न विचारायला लावतो : जे यंत्र वर्गात आणायचे, ते शिक्षकाला आतून कितपत ठाऊक आहे?

१८६५ साली बेल्जियमचे जेसुइट धर्मगुरू फादर यूजीन लाफाँ कोलकात्यास आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञान शिकवू लागले. विज्ञान पुस्तकातून पाठ करण्याच्या त्या काळात त्यांनी महाविद्यालयात प्रयोगशाळा उभारली. मॅजिक लँटर्नच्या प्रकाशात पडद्यावर चित्रे दाखवावीत, फोनोग्राफसारखे नवलाईचे यंत्र श्रोत्यांपुढे चालवावे आणि त्यामागील तत्त्व समजावून सांगावे, अशी त्यांची रीत होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा लाफाँ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेथेही त्यांनी अनेक वर्षे सप्रयोग व्याख्याने दिली. याच संस्थेत १९२८ साली ‘रामन परिणामा’चा शोध लागला.

जगदीशचंद्र बोस हे लाफाँ यांचे विद्यार्थी. १८८५ साली ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापक झाले, तेव्हा संशोधनाची सोय तेथे जवळजवळ नव्हतीच. बोस यांनी स्थानिक कारागिराच्या मदतीने स्वतःची उपकरणे घडवली आणि त्यांतूनच अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग केले. त्यांची प्रात्यक्षिके प्रभावी ठरली, कारण उपकरणाचा प्रत्येक भाग त्यांच्या ओळखीचा होता.

हीच वृत्ती पुढे संगणकाच्या बाबतीतही दिसली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ साली एक अॅनालॉग संगणक बनवला. दहा अज्ञात राशींची रेषीय समीकरणे तो सोडवीत असे. ब्रिटनमधून आणलेला एचईसी-२एम हा डिजिटल संगणक संस्थेत त्यानंतर, १९५५ साली आला. पुढे जादवपूर विद्यापीठाबरोबर संस्थेने ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘आयएसआयजेयू’ हा संगणक उभा केला. आयात यंत्र वापरता वापरता यंत्र घडवण्याची विद्याही शिकली गेली.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे उदाहरण १९९०च्या दशकातील आहे. याच संस्थेतील बिद्युत बरन चौधुरी आणि उमापद पाल यांनी छापील बांगला मजकूर संगणकाला वाचता यावा यासाठी प्रणाली तयार केली. रोमन लिपीत छापील अक्षरे सुटी असतात; बांगला आणि देवनागरीत ती शिरोरेखेने जोडलेली असतात. मग संगणकाने अक्षर ओळखावे कसे? शब्दाच्या प्रतिमेत ज्या आडव्या ओळीत काळे ठिपके सर्वाधिक, ती शिरोरेखा; ती तात्पुरती पुसली की अक्षरे बहुतांशी सुटी होतात. लिपीची घडण जाणणाऱ्यालाच सुचावी अशी ही युक्ती आहे. तिचा उपयोग त्यांनी देवनागरीसाठीही केला.

आजची साधने या परंपरेहून एका बाबतीत वेगळी आहेत. प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्दखंड कोणता असावा, याचा अंदाज बांधत भाषा-प्रारूप उत्तर रचते. हे प्रारूप फोनोग्राफसारखे टेबलावर उघडून ठेवता येत नाही. त्याला शिकवण्यासाठी इंग्रजीच्या तुलनेत मराठी किंवा बांगला मजकूर फारच थोडा उपलब्ध आहे. शिवाय त्याची चूकही अस्खलित भाषेत येते, त्यामुळे ती नवख्या विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून लाफाँ यांची पद्धत आज कालबाह्य ठरत नाही. ती अधिकच आवश्यक ठरते. यंत्र उघडता येत नसले, तरी त्याच्यावर प्रयोग करता येतो. उत्तर आधीच ठाऊक असलेले गणित त्याला वर्गासमोर घालावे. तोच प्रश्न इंग्रजीत आणि मराठीत विचारून उत्तरे ताडून पाहावीत. त्याने सांगितलेला सनावळीचा तपशील पुस्तकाशी पडताळावा. असा एक तास विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाइतकाच वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवील.

मात्र यासाठी शिक्षकाला साधनाबरोबर प्रशिक्षण, ते तपासण्यासाठी सवड आणि ते नाकारण्याचा अधिकारही मिळायला हवा. वाचलेला सगळा वेळ जर आणखी कागदपत्रांतच जाणार असेल, तर वर्गात यंत्र येईल. विज्ञान येईलच असे नाही.